म्हैसमाळ ते देवगिरी: उतारावरची अर्धमॅरेथॉन

छत्रपती संभाजीनगरजवळच्या म्हैसमाळच्या पठारावरून सुटायचे, खुलताबाद ओलांडायचे आणि दौलताबादचा घाट उतरून देवगिरी किल्ल्याच्या पायथ्याशी थांबायचे, असा मार्ग असलेल्या अर्धमॅरेथॉनची माहिती आमच्या परभणीच्या गटात आली, तेव्हा बहुतेकांनी त्याच दिवशी पैसे भरून टाकले. म्हैसमाळची उंची १०६७ मीटर आहे आणि शर्यतीचा शेवट त्याहून तीनशेपेक्षा अधिक मीटर खाली होता, त्यामुळे आपली आजवरची सर्वोत्तम वेळ इथे सहज मोडेल, असा सगळ्यांचा हिशेब होता. मी पंचेचाळीस वर्षांवरील महिलांच्या गटात नाव दिले ते वेळेसाठी नव्हे. त्या गटात पहिल्या तिघींना बक्षीस होते आणि सपाट रस्त्यावरच्या स्पर्धांत मला नेहमी मागे टाकणाऱ्या लातूरच्या एका ताईंचे नावही यादीत होते. उतार सगळ्यांना सारखाच मिळतो, त्यामुळे घड्याळातला आकडा कितीही चांगला आला तरी तो अर्धा उताराचाच असतो. क्रमांक मात्र ज्याचा त्याने मिळवायचा असतो. ही समजूत माझी एकटीची नव्हती. आमचे निवृत्त क्रीडाशिक्षक सर पहिल्या दिवसापासून तेच सांगत होते.

जागतिक अॅथलेटिक्स संघटनेचा नियमही तेच सांगतो. रस्त्यावरच्या शर्यतीत विक्रम मान्य व्हायचा असेल, तर सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा एकूण उतार हजारास एक, म्हणजे किलोमीटरमागे एक मीटर, यापेक्षा अधिक चालत नाही. शिवाय सुरुवात आणि शेवट यांच्यातले सरळ रेषेतले अंतर शर्यतीच्या निम्म्याहून अधिक असून चालत नाही. या हिशेबाने २१.०९७५ किलोमीटरच्या अर्धमॅरेथॉनला जेमतेम एकवीस मीटरची सूट मिळते आणि आमचा मार्ग तिच्या चौदा-पंधरापट खाली येत होता. २०११ साली बोस्टनमध्ये केनियाच्या जेफ्री मुताईने २ तास ३ मिनिटे २ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली. तोवर इतक्या वेगाने कोणीही मॅरेथॉन धावलेले नव्हते, तरीही तो विश्वविक्रम ठरला नाही, कारण बोस्टनचा मार्ग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारा आणि नियमापेक्षा जास्त उतरणारा आहे. आमच्या गटातल्या तरुणांना हे सांगितले तेव्हा एकाने, ‘‘काकू, आपण कुठे विश्वविक्रम करायला चाललोय?’’ असे विचारून विषय संपवला.

परभणीत राहून उताराचा सराव करायचा म्हणजे आधी उतार शोधावा लागतो. कृषी विद्यापीठाच्या आवारातले रस्ते सावलीचे आणि धावायला अतिशय चांगले आहेत, पण ते तळहातासारखे सपाट आहेत. त्यामुळे आठवड्यातून एकदा पहाटेच्या वेळी रेल्वेवरच्या उड्डाणपुलाचा उतार धावत उतरायचा, चालत वर जायचे आणि पुन्हा उतरायचे, असा क्रम आम्ही लावला. तेवढ्याने भागणार नाही हे उघड होते, म्हणून जमेल त्या रविवारी पहिली बस पकडून जिंतूरला जाऊन नेमगिरीच्या टेकड्यांकडचा रस्ता गाठू लागलो. पहिल्याच खेपेनंतर माझ्या मांड्या अशा भरून आल्या की खुर्चीवर बसताना हाताचा आधार घ्यावा लागत होता. दम मात्र अजिबात लागलेला नव्हता, आणि उताराची सगळी फसवणूक या एकाच गोष्टीत आहे.

सपाटीवर धावताना मांडीचे पुढचे स्नायू आखडत आणि लांबत, असे दोन्ही प्रकारे काम करतात. उतारावर तेच स्नायू लांबत असताना कितीतरी जास्त भार पेलतात, कारण प्रत्येक पावलाला खाली पडणारे शरीर त्यांना थोपवायचे असते. लांबत असताना ताण घेणाऱ्या स्नायूंत बारीक इजा होतात आणि त्यांचे दुखणे त्याच दिवशी न जाणवता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उमलते. हृदय आणि फुप्फुसे या काळात आरामात असतात. धावण्याला लागणारी ऊर्जा उतारावर कमी होत जाते आणि साधारण वीस टक्के उताराला ती सर्वांत कमी असते. आपल्याकडच्या घाटरस्त्यांचा उतार पाच-सहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे श्वास हलका राहील आणि वेग वाढवण्याचा मोह होईल एवढाच असतो. श्वासावरून वेग ठरवण्याची सवय असलेला धावपटू इथे हमखास जास्त जोरात उतरतो, आणि पायांचे काय झाले हे त्याला खालच्या सपाटीवर पोहोचेपर्यंत कळत नाही.

स्नायूंची एक चांगली खोड अशी, की एकदा असा मार खाल्ला की पुढचे काही आठवडे त्याच उताराने त्यांना तितकी इजा होत नाही. त्यामुळेच सरांनी वेगाने उतरण्याचा शेवटचा मोठा सराव शर्यतीच्या दोन-अडीच आठवडे आधी ठेवला आणि त्यानंतर उताराचे नावही काढू दिले नाही. घरी जिन्याच्या पायरीवर एका पायावर उभे राहून दुसरा पाय सावकाश खालच्या पायरीपर्यंत नेण्याचा व्यायाम मात्र चालू होता. पाहणाऱ्याला तो अगदी किरकोळ वाटतो. चार मोजत खाली गेल्यावर तो किती किरकोळ आहे ते समजते.

तंत्राच्या बाबतीत सरांचे म्हणणे थोडक्यात असे होते, की उतारावर माणूस घाबरून मागे रेलतो, पाय पुढे फेकतो आणि टाच आपटतो, आणि असे प्रत्येक पाऊल म्हणजे एक ब्रेक असतो. त्याऐवजी घोट्यापासून किंचित पुढे झुकायचे, पावले आखूड आणि जलद टाकायची, पाऊल शरीराच्या खाली पडू द्यायचे आणि हात तोल सांभाळायला थोडे बाहेर मोकळे ठेवायचे. ऐकायला हे सोपे आहे. प्रत्यक्षात पाचव्या मिनिटाला भीती परत येते आणि कंबर आपोआप मागे जाते. बुटांच्या बाबतीत दोन गोष्टी मला नंतर फार उपयोगी पडल्या: नाडी सर्वांत वरच्या भोकातून आडवी घेऊन घोटा घट्ट बांधायचा, म्हणजे पाय बुटात पुढे सरकत नाही, आणि पायाची नखे तीन-चार दिवस आधी कापायची. उताराच्या शर्यतीनंतर अंगठ्याचे नख काळे पडणे इतके नेहमीचे आहे की आमच्या गटात त्याची कोणी चौकशीसुद्धा करत नाही.

डिसेंबरातल्या त्या रविवारी पहाटे चारला किल्ल्याजवळच्या वाहनतळावरून आयोजकांच्या बस आम्हाला वर घेऊन निघाल्या. माझ्या शेजारी पोलीस भरतीची तयारी करणारी मुले होती. भरतीला सोळाशे मीटर धावावे लागते, त्याला तयार असलेली ही मुले एकवीस किलोमीटरकडे सहज म्हणून पाहत होती. बोलणे अर्थातच अविनाश साबळेवर आले. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात मांडव्याचा हा धावपटू स्टीपलचेसमुळे, म्हणजे अडथळे ओलांडत धावण्याच्या शर्यतीमुळे, जगाला माहीत आहे, पण २०२० साली दिल्लीत त्याने अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पूर्ण केली आणि एकसष्ट मिनिटांच्या आत धावणारा तो पहिला भारतीय ठरला. त्यांच्यापैकी एकाने, ‘‘अन् ते बी सपाट रस्त्यावर, असं घसरगुंडीवर नाही,’’ अशी पुस्ती जोडली. मला हा मुलगा आवडला.

वर थंडी बोचरी होती आणि बोटे इतकी बधिर झाली होती की बिबच्या, म्हणजे छातीवरच्या क्रमांकाच्या कागदाच्या, पिना लावायला वेळ लागला. खाली ऊब असेल म्हणून मी जुना स्वेटर घालून उभी राहिले आणि सुटायच्या आधी तो स्वयंसेवकांच्या पोत्यात टाकला. उतारावरच्या शर्यतीत अंग गरम करणे सपाटीपेक्षा जास्त महत्त्वाचे असते, कारण सुटल्या सुटल्या वेग मिळतो आणि थंड स्नायूंना तो सोसत नाही. म्हणून मी सुरुवातीच्या रेषेपासून उलटे, चढाच्या दिशेने, पंधरा मिनिटे हलके धावून घेतले. मग मुद्दाम पुढच्या रांगेत जाऊन उभी राहिले. माहितीपत्रकात एक ओळ बारीक अक्षरांत होती: गटातली बक्षिसे गन टाइमवर, म्हणजे सुरुवातीचा इशारा झाल्यापासूनच्या वेळेवर, दिली जातील, चिपची वेळ, म्हणजे तुम्ही स्वतः रेषा ओलांडल्यापासूनची, फक्त प्रमाणपत्रावर छापली जाईल. लातूरच्या ताई बऱ्याच मागे, आपल्या मैत्रिणींबरोबर उभ्या होत्या.

पहिले चार-पाच किलोमीटर म्हणजे म्हैसमाळचा घाट. सागाची मोठमोठी वाळकी पाने रस्त्याच्या कडेला पडलेली, वळणांवर धुके आणि शेकडो बुटांचा एकसारखा आवाज. मी किलोमीटरला सव्वापाच मिनिटे एवढाच वेग ठरवला होता आणि तो पाळणे हे त्या सकाळचे सर्वांत अवघड काम ठरले, कारण दोन्ही बाजूंनी माणसे ओसंडून पुढे जात होती आणि माझा श्वास गप्पा मारता येतील इतका हलका होता. तिसऱ्या किलोमीटरच्या आसपास लातूरच्या ताई मला ओलांडून गेल्या. जाताना त्यांनी, ‘‘चला ताई, फुकटचा वेग आहे!’’ असे म्हटले. मी हात हलवला आणि घड्याळाकडे पाहून घेतले. वळणांवर मात्र मी चोखंदळ होते. रस्त्याची मोजणी वळणाच्या आतल्या कडेपासून तीस सेंटीमीटर अंतर ठेवून सर्वांत जवळच्या वाटेने केलेली असते, त्यामुळे जो बाहेरच्या बाजूने फिरतो तो एकवीस किलोमीटरपेक्षा जास्त धावतो. पण घाटातला रस्ता वळणावर आतल्या बाजूला कललेला असतो आणि अगदी कडेला घोटा वाकडा पडतो, म्हणून मी कडेपासून हातभर बाहेरची, जरा सपाट वाट धरली.

घाट संपल्यावर खुलताबादपर्यंतचा रस्ता खालीवर होत जातो. उतारासाठी नाव देणाऱ्यांना हा भाग आवडत नाही. मला तो देवासारखा भेटला. थोड्याशा चढावर मांडीच्या मागचे स्नायू कामाला लागले आणि पुढच्यांना विसावा मिळाला. पाण्याच्या टेबलावर शाळकरी मुले कागदी पेले घेऊन उभी होती. पेल्याचे तोंड चिमटून दोन घोट घेतले की ते नाकात जात नाही, हे उतारावर विशेष लक्षात ठेवावे लागते. गावात एका हॉटेलाच्या बाकावर चहा पीत बसलेले एक आजोबा, ‘‘उतारानं पळायला काय लागतंय?’’ असे मोठ्याने म्हणाले आणि आसपासची माणसे हसली. त्यांचे म्हणणे त्या गावाला धरूनच होते. हनुमान जयंतीला आणि श्रावणातल्या शनिवारी भद्रा मारुतीच्या दर्शनासाठी छत्रपती संभाजीनगर शहरातून हजारो माणसे रातोरात चालत याच घाटाने वर येतात, आणि तिथे कष्ट म्हणजे चढ, असा सगळ्यांचा पक्का अनुभव आहे. उतरायला परत बस असते.

कागजीपुरा मागे पडला आणि दौलताबादचा घाट सुरू झाला, तेव्हा माझ्या मांड्या पहिल्यांदा बोलू लागल्या. दुखत नव्हत्या, पण पाऊल टेकल्यावर गुडघा नेहमीपेक्षा किंचित अधिक वाकत होता आणि सावरायला क्षणभर जास्त लागत होता. याच टप्प्यावर मागून एक बाई आली. अंगावर शर्यतीचा शर्ट, खाली साधी ट्रॅकपँट, मनगटावर घड्याळ नाही. ती मला ओलांडून गेली तेव्हा मला काही ऐकू आले नाही, आणि मी दचकले ते त्यामुळेच. माझ्या बुटांचा थाप-थाप असा आवाज होत होता. तिच्या पायांचा होत नव्हता. मी काही अंतर तिच्या मागे राहून फक्त तिचे पाय पाहिले. पावले जेमतेम हातभर, पण इतकी जलद की मोजता येईनात. टाच आणि चवडा जवळजवळ एकदमच टेकत होते. गुडघे कधीच ताठ होत नव्हते. आणि कमरेपासून वरचा भाग असा स्थिर, की मागून फक्त वरचे अंग पाहिले असते तर ही बाई धावते आहे असे वाटले नसते. मी माझी पावले आखूड केली आणि आवाज कमी होतो का ते ऐकत राहिले. झाला, सगळा नाही तरी निम्मा. घाटातले पुढचे किलोमीटर मी घड्याळाकडे न पाहता या आवाजावरच काढले, आणि उताराचा वेग मोजण्याचे याहून चांगले साधन मला अजून सापडलेले नाही. ती बाई मात्र दोन वळणांत दिसेनाशी झाली.

घाटाच्या खालच्या भागात रस्ता किल्ल्याच्या बाहेरच्या तटबंदीतल्या जुन्या दरवाजातून जातो. एरवी तिथे एका वेळी एकच मोठे वाहन जाऊ शकते आणि दोन्ही बाजूंना रांगा लागतात. त्या सकाळी वाहतूक थांबवलेली होती, तरी आम्हा धावणाऱ्यांनाही जरा आवरते घ्यावे लागले. दरवाजातून बाहेर पडले आणि लातूरच्या ताई साधारण दीडशे मीटर पुढे दिसल्या. त्यांची धाव बदललेली होती. टाच आपटत होती, खांदे वर चढले होते आणि प्रत्येक पावलाला शरीर थोडे उजवीकडे कलत होते.

उरलेले अंतर जवळजवळ सपाट होते, आणि शर्यत खऱ्या अर्थाने तिथेच सुरू झाली. उतारावरून सपाटीवर येताना पाय आपले राहत नाहीत. उताराने दिलेला वेग जातो, तो राखायला जोर लावावा तर मांड्यांत तो उरलेला नसतो, आणि रस्ता सपाट असूनही चढ असल्याचा भास होतो. बरोबरचे दोघे-तिघे तिथेच चालू लागले. भरतीवाल्यांपैकी एक मुलगा पोटरीत गोळा येऊन रस्त्याकडेला बसला होता आणि दुसरा त्याचा चवडा वर दाबून धरत होता. मी हातांचा वेग वाढवला, कारण पाय हातांच्या मागे येतात आणि त्या वेळी हात तेवढे ताजे होते. ताईंना गाठायला मला जवळपास सगळेच अंतर लागले. किल्ल्याचा सुळका आणि चांदमिनार दिसत असताना आम्ही काही काळ बरोबरीने धावलो, कोणीच बोललो नाही, आणि शेवटच्या दोनशे मीटरमध्ये मी पुढे निघाले. गन टाइम १ तास ४९ मिनिटे आणि काही सेकंद. त्या माझ्यामागे सात सेकंदांनी आल्या. घड्याळ नसलेली बाई आमच्याच गटात निघाली आणि आमच्या कितीतरी आधी पोहोचून केळे खात उभी होती.

निकालाच्या टेबलावर थोडी गडबड झाली. चिपच्या वेळेत लातूरच्या ताई माझ्यापेक्षा सोळा सेकंदांनी पुढे होत्या, कारण त्यांनी सुरुवातीची रेषा माझ्यानंतर बरीच उशिरा ओलांडली होती. त्यांच्या मैत्रिणींचे म्हणणे होते की दुसरा क्रमांक त्यांचाच. आयोजकांनी माहितीपत्रकातली ओळ दाखवली. मला स्वतःला तो नियम योग्य वाटतो. शेजारी धावणाऱ्या बाईला आपण हरवले की नाही, हे रस्त्यावरच कळले पाहिजे. तिने रेषा केव्हा ओलांडली याचा हिशेब करत कोणी शेवटचे दोनशे मीटर धावू शकत नाही. ताई स्वतः काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या क्रमांकाचे पाकीट घेऊन त्यांनी मला, ‘‘तुम्ही घाटात कुठे होतात? मी मागे वळून पाहत होते,’’ एवढेच विचारले.

पहिल्या आलेल्या बाईंना मी गाठले. त्यांचे घर वर पठारावर आणि शेत घाटाच्या पोटात. धावण्याचे कोणी शिकवले, असे विचारल्यावर त्या लाजल्या. ‘‘शिकवलं कुणी नाही. लहानपणापासून डोक्यावर ओझं घेऊन उतरतोय. ओझं असल्यावर पाय आपटून चालत नाही, मान दुखती.’’ सर जे आम्हाला नेमगिरीवर कित्येक रविवार सांगत होते, ते या बाईंनी दोन वाक्यांत संपवले होते.

त्यानंतरचे दिवस अपेक्षेप्रमाणे गेले. रविवारी संध्याकाळी मी व्यवस्थित चालत होते, मंगळवारी जिना उलटा, कठडा धरून उतरत होते. वेदनाशामक गोळ्या शर्यतीच्या आधी किंवा लगेच नंतर घेऊ नका, कारण शरीरात पाणी कमी असताना त्या मूत्रपिंडांना त्रास देऊ शकतात, असे वैद्यकीय मदतीच्या तंबूतल्या डॉक्टरांनी बजावले होते; लघवी गडद तपकिरी झाली तर मात्र घरी न थांबता दवाखाना गाठायचा, हेही. तशी वेळ आली नाही. हलके चालणे, भरपूर पाणी, डाळ-भात आणि झोप यांनी शुक्रवारपर्यंत पाय ठीक झाले. डाव्या अंगठ्याचे नख काळे पडले, ते अजून तसेच आहे.

फेब्रुवारीतल्या एका सपाट शर्यतीचा अर्ज परवाच भरला. त्यात सुटताना कोणत्या कप्प्यात उभे करायचे हे ठरवण्यासाठी आजवरची सर्वोत्तम वेळ विचारली होती. मी गेल्या वर्षीची सपाट रस्त्यावरची १ तास ५४ मिनिटे लिहिली. म्हैसमाळची वेळ लिहून पुढच्या कप्प्यात उभे राहायचे आणि मग सगळ्यांच्या पायात यायचे, हे मला पटले नाही. लातूरच्या ताईंची सपाटीवरची वेळ माझ्यापेक्षा चांगली असल्याने त्यांना पुढचा कप्पा मिळाला आहे.